व्हॅम्पायर-वेस्टर्न लघुपट: आधी उन्हाचं गणित, मग सुळे आणि रक्त

व्हॅम्पायर आणि वेस्टर्न (अमेरिकी सीमाप्रदेशातल्या बंदूकवाल्यांच्या कथा) एकत्र आणणारे लघुपट बहुतेक वेळा एकाच ठिकाणी अडकतात. टोप्या आणल्या जातात, सुळे तयार होतात, पाच लिटर रक्त ढवळून ठेवलं जातं. मग शूटच्या दिवशी लक्षात येतं की व्हॅम्पायरला ऊन चालत नाही आणि वेस्टर्नचं उन्हावाचून पान हलत नाही. उघडं माळरान, लांब सावल्या, टोपीखाली मिचकावलेले डोळे हे सगळं उन्हाचं काम. म्हणून या मिश्रणात पटकथेपासून ग्रेडिंगपर्यंतचा (शूटनंतर फुटेजचा उजेड आणि रंग जुळवणं) प्रत्येक निर्णय उन्हापासून सुरू होतो. ज्यांनी तो शेवटी घेतला त्यांच्याकडे काळ्याकुट्ट, दाणेदार फुटेजशिवाय काही उरत नाही.

खालचा क्रम दहा ते पंधरा मिनिटांच्या लघुपटासाठी आहे. आठ-दहा जणांचं युनिट, तीन दिवसांचं शूट आणि कमी बजेट धरलं आहे. टप्पे पुढे-मागे करू नका. पहिले पाच टप्पे मुख्य शूटचा कॅमेरा भाड्याने घेण्याच्या आधीचे आहेत.

१. उन्हाचे नियम एका पानावर लिहा

तुमच्या व्हॅम्पायरला ऊन नेमकं काय करतं? ‘जाळतं’ हे उत्तर अपुरं आहे. पुढच्या प्रश्नांची उत्तरं लेखी हवीत:

– थेट ऊन लागल्यावर किती सेकंदांत परिणाम दिसतो?
– सावलीत, ढगाळ दिवशी, काचेआड काय होतं?
– रुंद काठाची टोपी, हातमोजे, लांब कोट यांनी संरक्षण मिळतं का?
– जखम भरते का, कशाने आणि किती वेळात?
– बंदुकीच्या गोळीने काय होतं?

उन्हाने व्हॅम्पायर मरतो हा नियम मुळातला नाही. १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत काउंट दिवसा हिंडतो, फक्त त्याची शक्ती कमी होते. उन्हाने संपण्याची कल्पना १९२२ च्या ‘नोस्फेराटू’पासून रुजली. त्यामुळे नियम ठरवायला तुम्ही मोकळे आहात, पण एकदा ठरवलेला नियम मोडायला नाही.

टोपीचा प्रश्न क्षुल्लक समजू नका. टोपीच्या काठाने बचाव होत असेल, तर टोपी डोक्यावरून उडणं हाच तुमचा सर्वांत भीतिदायक प्रसंग होऊ शकतो, आणि त्याला खर्च काहीच नाही. दोन्ही शैली एकाच वस्तूत भेटतात अशा जागा शोधा. कॅथरिन बिगेलो यांच्या १९८७ च्या ‘निअर डार्क’मध्ये मोटेलच्या खोलीत अडकलेल्या टोळीवर बाहेरून पोलीस गोळीबार करतात. गोळ्यांनी त्यांना फारसं काही होत नाही, पण गोळ्यांनी पडलेल्या भोकांतून ऊन आत येतं आणि ते ऊन त्यांना जाळतं. वेस्टर्नची चकमक आणि व्हॅम्पायरचा नियम एकाच भिंतीवर काम करतात. त्या अख्ख्या चित्रपटात ‘व्हॅम्पायर’ हा शब्द कुणी उच्चारतही नाही. नियम कृतीतून कळतो.

तपासणी: पान युनिटबाहेरच्या माणसाला वाचायला द्या. त्याने विचारलेल्या प्रत्येक ‘मग असं झालं तर?’ला पानावरच उत्तर मिळालं पाहिजे.

२. शॉट यादी उजेडाप्रमाणे लावा

पटकथा झाली की शॉट यादी प्रसंगाच्या क्रमाने न ठेवता उजेडाच्या प्रकाराप्रमाणे पाच गटांत लावा.

क) खरं ऊन, दिवसाचा प्रसंग.
ख) भर उन्हात शूट करून रात्र दाखवायची, म्हणजे डे-फॉर-नाइट.
ग) सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश.
घ) खरी रात्र.
ङ) खोलीच्या आतला, ताब्यातला उजेड.

नवखे लोक सगळे रात्रीचे शॉट ‘घ’मध्ये टाकतात आणि तिथेच फसतात. माळरान दिव्यांनी उजळत नाही. दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश राहतो. पाच मीटरवरचा माणूस नीट दिसेल, पण वीस मीटरवरचं झाड काळोखात जाईल आणि तुमचा ‘अथांग माळ’ एका अंगणाएवढा दिसेल. म्हणून रात्रीचे रुंद शॉट ‘ख’ किंवा ‘ग’मध्ये, आणि कंदील किंवा शेकोटीजवळचे क्लोजअप ‘घ’मध्ये.

आकाशाचाही निर्णय इथेच घ्या. डे-फॉर-नाइटमध्ये आकाश फ्रेममध्ये आलं की युक्ती उघडी पडते. वेस्टर्नला मात्र आकाश हवंच असतं. तेव्हा आकाश असलेले रात्रीचे रुंद शॉट संधिप्रकाशात घ्या आणि बाकीचे उन्हात, क्षितिज फ्रेमच्या वर कापून. संधिप्रकाशाचे शॉट तीन किंवा चारच ठेवा.

फ्रेम २.३९:१ (रुंदी : उंची) ठेवायची असेल तर पहिल्या दिवसापासून मॉनिटरवर त्या रेषा लावा. नंतर कापू म्हटलं की टोप्या कापल्या जातात. बंदूकवाल्या पात्राला मांडीच्या मध्यापर्यंत, म्हणजे कमरेचा पट्टा दिसेल असं धरा. छातीपर्यंत कापलेल्या फ्रेममध्ये पट्ट्याकडे सरकणारा हात दिसत नाही, आणि तो दिसला नाही तर चकमकीचा ताण उभा राहत नाही.

३. जागा आणि महिना

कथा अमेरिकी सीमाप्रदेशातच घडवायची हट्टाने गरज नाही, पण वेस्टर्नची रचना सोडू नका: उघडा प्रदेश, तुटक वस्ती, लांब असलेला कायदा, बाहेरून आलेला अनोळखी माणूस. सासवड-जेजुरीच्या बाजूची, माण-खटावची किंवा सोलापूरकडची कोरडी माळरानं फ्रेममध्ये उत्तम बसतात. सासवडला टेक्सास म्हणून खपवायला जाऊ नका. इंग्रजी पाटी लावलेलं सलून आणि मागे बाभळी असं दिसलं की प्रेक्षक कथेबाहेर जातो.

जानेवारी ते मार्च हा काळ धरा. गवत वाळलेलं असतं, आकाश स्वच्छ असतं आणि सूर्य दुपारीही पूर्ण डोक्यावर येत नाही. मे महिन्यात उलटं होतं. पुण्याच्या अक्षांशावर मेच्या मध्याच्या आसपास शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर. तेव्हा मागून येणारा उजेड मिळत नाही आणि टोपीच्या काठाची सावली हनुवटीपर्यंत पडते.

जागा पाहताना पुढच्या गोष्टी जागेवरच करा:

– होकायंत्राने पूर्व-पश्चिम लिहून घ्या. सूर्याचा मार्ग दाखवणाऱ्या ॲपमध्ये शूटची तारीख घालून सकाळी ९ आणि दुपारी ४ ची दिशा पाहा.
– विजेचे खांब, मोबाइल टॉवर, पवनचक्क्या कुठल्या दिशेला आहेत ते फोटोसह नोंदवा.
– मागे काळपट डोंगरउतार किंवा झाडी असलेली जागा डे-फॉर-नाइटसाठी राखून ठेवा.
– पाच मिनिटं गप्प उभं राहून आवाज ऐका. ट्रॅक्टर, पाण्याचा पंप, रस्ता.

जमीनमालकाची आणि ग्रामपंचायतीची लेखी संमती घ्या. खोट्या का होईना, बंदुका दिसणार असतील तर स्थानिक पोलीस ठाण्याला तारीख, वेळ आणि जागेसह लेखी कळवा. वनखात्याची जमीन असेल तर त्यांची परवानगी वेगळी लागते, आणि माळरान दिसतं म्हणून ते गावचंच असेल असं समजू नका. घोडा वापरायचा तर भारतीय पशुकल्याण मंडळाची परवानगी लागते. वेळ आणि पैसा नसेल तर घोडा फ्रेमबाहेर ठेवा: लगाम धरलेला हात, जमिनीवर पडलेलं खोगीर आणि टापांचा आवाज एवढं लघुपटाला पुरतं.

इशारा: वाळलेल्या गवतात शेकोटी, मशाल किंवा आरसा वापरणार असाल तर भोवतीचं किमान तीन मीटर गवत काढा. वाळूच्या चार बादल्या आणि एक अग्निशामक टेकच्या जागीच हवा, गाडीत नको.

४. कपडे, सुळे, रक्त

कपडे. पांढराशुभ्र शर्ट डे-फॉर-नाइटमध्ये दिव्यासारखा चमकतो आणि ग्रेडिंगमध्येही मरत नाही. सगळे पांढरे कपडे चहाच्या पाण्यात रंगवून मळकट करा. काळ्या कोटाची अडचण वेगळी आहे. जाड एनडी फिल्टर (लेन्समध्ये येणारा उजेड कमी करणारी गडद काच) लावला की काही कृत्रिम कापडं सेन्सरला तपकिरी-जांभळट दिसतात, कारण ती इन्फ्रारेड (आयआर), म्हणजे डोळ्यांना न दिसणारा उजेड, परत फेकतात आणि साधा एनडी ते अडवत नाही. आयआर अडवणारा एनडी घ्या, आणि प्रत्येक काळं कापड त्या फिल्टरमधून आधी पाहा. धुळीसाठी मुलतानी माती वापरा. ती अंगावर चोळा, तोंडासमोर फुंकू नका, आणि उडवणार असाल तर युनिटने मास्क लावावा. रक्त लागणाऱ्या पात्राचे निदान तीन एकसारखे शर्ट हवेत.

सुळे. बाजारातली प्लास्टिकची कवळी विसरा. तिने ओठ पुढे येतात आणि पात्र हास्यास्पद होतं. दंतवैद्याकडून वरच्या दातांचा साचा घ्या आणि फक्त दोन सुळ्यांवर बसणाऱ्या ॲक्रिलिकच्या टोप्या करवून घ्या. शेजारच्या दातांपेक्षा तीन-चार मिलिमीटर लांबी पुरते. तेवढंही बजेट नसेल तर साधारण ६० अंशांना मऊ होणारे थर्मोप्लास्टिकचे मणी गरम पाण्यात वितळवून, किंचित निववून दातावर बसवता येतात. पूर्ण कडक होण्याआधी एकदा काढून पुन्हा घाला, नाहीतर ते दाताच्या खाचेत अडकतात. दाताला कुठलाही गोंद लावू नका.

सुळे घातल्यावर च, स, श यांचे उच्चार बिघडतात. म्हणून संवादाचे टेक सुळ्यांशिवाय, तोंड अर्धवट मिटून घ्या आणि सुळे ठराविक क्लोजअपना घाला. असंही ते जितके कमी दिसतील तितकं बरं.

रंगीत कॉन्टॅक्ट लेन्स माळावर नकोत. धूळ आणि लेन्स यांनी डोळ्याला इजा होते. डोळ्यांचा रंग ग्रेडिंगमध्ये बदलता येतो.

रक्त. तोंडात जाऊ शकेल असं रक्त करण्याचं प्रमाण:

– लिक्विड ग्लुकोज किंवा कॉर्न सिरप: २५० मिली
– पाणी: ५० मिली
– खाण्याचा लाल रंग (द्रव): २ छोटे चमचे
– कोको पावडर: १ छोटा चमचा
– खाण्याचा निळा रंग: २ थेंब

कोको आधी कोमट पाण्यात गुठळ्या न होता कालवा, मग लाल रंग, मग सिरप. निळा रंग अगदी शेवटी, एकेक थेंब. तिसऱ्या थेंबाला रंग जांभळा होतो. होळीचे रंग आणि कपड्याचे रंग कधीही वापरू नका. फक्त कपड्यांवर लागणाऱ्या रक्तात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब घाला, धुताना डाग लवकर निघतो. ती बाटली वेगळी ठेवून तिच्यावर ‘तोंडात नको’ असं मोठ्या अक्षरात लिहा. मानेवरच्या एका चाव्याला २०-३० मिली पुरे. साखरेमुळे मुंग्या आणि माश्या येतात, तेव्हा बाटल्या झाकून सावलीत ठेवा.

भाजलेली त्वचा. लिक्विड लेटेक्स आणि टिश्यू पेपरचे दोन-तीन थर लावा, वाळू द्या, मधेमधे फाडा, आत लाल-काळा रंग भरा. कडांना मुलतानी माती. लेटेक्सची ॲलर्जी असते, म्हणून कोपराच्या आतल्या बाजूला २४ तास आधी चाचणी घ्या. भुवया आणि दाढीवर व्हॅसलीन लावल्याशिवाय लेटेक्स नको, आणि डोळ्यांच्या जवळ तर मुळीच नको. जिलेटिन वापरायचं असेल तर कलाकाराला आधी विचारा. ते प्राणिजन्य असतं आणि बऱ्याच जणांना अंगावर चालत नाही. चायना ग्रास त्याच्या जागी चालत नाही, ते वाळताना तडकतं.

५. चाचणी शूट: अर्धा दिवस

हा टप्पा गाळणाऱ्यांची संख्या सर्वांत मोठी आहे. जवळच्या कुठल्याही मैदानात एक माणूस पूर्ण वेशात उभा करा, त्याच्या मानेवर रक्त लावा आणि दुपारी ४ वाजता डे-फॉर-नाइटचे पाच शॉट घ्या. त्याच रात्री ग्रेड करून बघा.

पहिला धक्का रक्ताचा असेल. निळसर ग्रेडमध्ये लाल रंग काळा पडतो. तिथे रंग जास्त भडक करून उपयोग होत नाही. रक्त दाट आणि चकचकीत हवं, आणि मागचा उजेड त्याच्या ओल्या पृष्ठभागावर पडला पाहिजे. रात्रीच्या शॉटमध्ये रक्त रंगाने कमी आणि चमकेने जास्त ओळखू येतं.

तपासणी: काळा कोट काळाच दिसतोय का? टोपीखाली निदान एक डोळा दिसतोय का? रक्त डांबर वाटतंय का? यातलं एकही उत्तर चुकीचं असेल तर शूटची तारीख पुढे ढकला.

६. भर उन्हात रात्र

वेळ: सकाळी साधारण ८:३० ते १० आणि दुपारी ३:३० ते ५. ढगाळ दिवस चालत नाही. चंद्रप्रकाशाला एक ठाम दिशा आणि कडक सावली असते, आणि ढगांखाली ती हरवते. मग ग्रेडमध्ये कितीही काळोख केला तरी फुटेज नुसतं मळकट दिसतं.

कॅमेरा: सूर्य कलाकाराच्या मागे, थोडा बाजूला. टोपीच्या कडेला, खांद्याला, बंदुकीच्या नळीला उजळ रेषा आली पाहिजे आणि चेहरा सावलीत राहिला पाहिजे. कॅमेरा थोडा उंच ठेवून खाली झुकवा, म्हणजे आकाश जातं आणि जमिनीवरच्या लांब सावल्या येतात. सूर्य लेन्समध्ये शिरू नये म्हणून वर काळा कटर (ऊन अडवणारा काळा फलक) धरा.

एक्सपोझर: सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ आहे, त्यामुळे पुढे बल्बच्या उजेडात गेल्यावरही लुकलुक येत नाही. आयएसओ ८०० वर, भर उन्हात, एफ/४ ठेवायचं तर साधारण आठ स्टॉपचा एनडी लागतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), म्हणजे २.४ असं लिहिलेला. या मापाने उन्हातली उजळ कड बरोबर येते आणि सावलीतला चेहरा आपोआप खाली जातो. चेहरा दीड ते दोन स्टॉप खाली असावा. त्याहून खाली गेला तर कॅमेऱ्याच्या बाजूने थर्मोकोलने हलका उजेड परत फेका. कमी-जास्त फिरवायचा स्वस्त एनडी टोकाला नेला की फ्रेमवर फुलीसारखा काळा पट्टा येतो, तेव्हा ठराविक स्टॉपचे फिल्टर भाड्याने घ्या.

व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने पांढरं कशाला मानायचं ती सेटिंग): ३२०० केल्विनवर सगळं गडद निळं होतं. रॉ फुटेज असेल तर ते नंतर सावरता येतं. फोन किंवा ८-बिट कॅमेरा असेल तर ४२००-४५०० च्या आसपास थांबा आणि उरलेला निळेपणा ग्रेडमध्ये आणा. एकदा त्वचेतला लाल रंग गेला की परत येत नाही. ऑटो एक्सपोझर आणि ऑटो व्हाइट बॅलन्स दोन्ही बंद.

नेहमीच्या चुका:

– कंदील पेटवून फ्रेममध्ये ठेवणं. उन्हात त्याची ज्योत दिसत नाही आणि उजेड पडत नाही. कंदील असलेला शॉट ‘घ’ गटात न्या, किंवा कॅमेरा स्टँडवर स्थिर ठेवून उजेड नंतर घाला.
– कलाकाराला सूर्याकडे तोंड करून उभं करणं. डोळे मिचकावले की रात्र संपली.
– शूटच्या वेळीच पूर्ण काळोख करणं. सावलीत माहितीच उरली नाही तर ग्रेडमध्ये फक्त दाणे वर येतात. थोडं उजळ शूट करा, नंतर खाली न्या.

संधिप्रकाश: महाराष्ट्रात सूर्यास्तानंतर वापरण्याजोगा उजेड साधारण वीस-बावीस मिनिटं टिकतो. तालीम दुपारीच करा, कॅमेऱ्याच्या जागा खुंट्या ठोकून ठेवा आणि लेन्स बदलावी लागणार नाही असा क्रम लावा. दर दोन-तीन मिनिटांनी एक्सपोझर हाताने उघडत जा.

७. भोकांतून येणारे किरण

खोलीतल्या चकमकीसाठी हा या शैलीतला सर्वांत परिणामकारक शॉट आहे आणि सर्वांत जास्त बिघडणाराही. चार गोष्टी जमल्या तरच किरण दिसतात.

भिंत. १२ मिमी प्लायला १० मिमीचं भोक पाडलं आणि ऊन ३० अंश तिरपं असलं, तर प्लायची जाडीच बहुतेक उजेड खाऊन टाकते. जेमतेम तीन मिलिमीटरची फट उरते. ६ मिमी प्लाय घ्या, किंवा बाहेरच्या बाजूने भोक तिरपं कोरून रुंद करा. प्रत्येक भोकावर बाहेरून काळ्या टेपचा तुकडा लावा, त्याला नायलॉनचा दोरा बांधा. गोळीच्या ठोक्याला बाहेरचा सहायक दोरा ओढतो. आतल्या बाजूने भोकात चिमूटभर लाकडाचा भुसा भरला असेल तर किरणाबरोबर धूळही उडते.

धूर. हवेत काही नसेल तर किरण दिसत नाही, फक्त जमिनीवर ठिपका दिसतो. फॉग मशीनने धूर सोडा, दारं-खिडक्या लावा, पंखा बंद करा आणि धूर सारखा पसरेपर्यंत तीन-चार मिनिटं थांबा. लगेच शूट केलं तर ढग दिसतात. मशीन नसेल तर धूप-लोबान चालतो, पण त्याने डोळे चुरचुरतात. दम्याचा त्रास कुणाला आहे ते आधी विचारा आणि दोन टेकच्या मधल्या वेळात खोली मोकळी करा.

कॅमेऱ्याची बाजू. किरण कॅमेऱ्याच्या दिशेने आणि थोडे बाजूने येत असतील तेव्हाच ठळक दिसतात. उजेडाकडे पाठ करून शूट केलं तर तेच किरण जवळजवळ नाहीसे होतात. मागची भिंत काळपट रंगवा.

उजेड. खरं ऊन असेल तर सगळे किरण समांतर येतात. दिवा भिंतीपासून दोन मीटरवर ठेवला तर ते पंख्यासारखे फाकतात आणि हे ऊन नव्हे हे प्रेक्षकाला कळतं. दिवा असेल तर सात-आठ मीटर मागे न्या आणि त्याच्यासमोर उजेड मऊ करणारं कुठलंही डिफ्यूजन लावू नका. ऊन असेल तर वेळेचं भान ठेवा. सूर्य तासाला १५ अंश सरकतो, म्हणजे भोकापासून तीन मीटरवर पडलेला ठिपका पंधरा मिनिटांत सुमारे वीस सेंटीमीटर सरकतो. पहिल्या टेकला जो किरण गालावर होता तो चौथ्या टेकला खांद्यामागे गेलेला असतो. यावर उपाय मोठ्या आरशाचा. ऊन आरशावर घेऊन भिंतीवर फेका आणि प्रत्येक टेकआधी आरसा किंचित फिरवून ठिपका खुणेवर आणा.

ठिपका धारदार येईल अशी अपेक्षा करू नका. सूर्याचं बिंब आकाशात अर्धा अंश रुंद आहे. तीन मीटरवर त्यामुळे कडा जवळजवळ तीन सेंटीमीटर पसरतात. त्वचेवर जळाल्याचा मेकअप त्या पसरलेल्या मापाचा करा, भोकाच्या मापाचा नको.

इशारा: आरशाजवळ एक माणूस कायम उभा असू द्या. वापर नसताना आरसा जमिनीकडे पालथा, वर चादर. आरशातलं ऊन कुणाच्या डोळ्यांत जाऊ नये.

८. जळणं आणि बंदुका

कलाकाराला खरी आग लावू नका, कोटाच्या टोकालाही नाही. कोटाच्या आत पातळ नळी नेऊन तिच्यातून फॉग मशीनचा धूर सोडा, किंवा काळ्या पडद्यासमोर धूर वेगळा शूट करून एडिटिंगमध्ये स्क्रीन मोडने (यात काळा भाग नाहीसा होतो) वर चढवा. दुसरी पद्धत स्वस्त आणि बिनधोक आहे. जळणं तीन शॉटमध्ये तोडा: ऊन लागतं तो क्षण, प्रतिक्रिया देणाऱ्याचा चेहरा, मग मेकअप झालेली त्वचा. मधला शॉट गाळला की मेकअप रबरासारखा दिसतो, कारण बदल घडायला वेळच मिळत नाही.

बंदुकांबाबत तडजोड नाही. रबरी किंवा लाकडी डमी वापरा. ब्लँक (गोळी नसलेली, फक्त बार उडवणारी) काडतुसंही नकोत. नळीतली ठिणगी, धूर आणि आवाज सगळं नंतर घालता येतं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिकोत एका वेस्टर्न चित्रपटाच्या सेटवर रिव्हॉल्व्हरमध्ये खरी गोळी होती आणि तिने छायाचित्रकार हॅलिना हचिन्स यांचा जीव गेला. मोठं युनिट आणि शस्त्रांसाठी नेमलेली माणसं असूनही हे घडलं. डमी बंदुका एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा, टेक संपला की पेटीत, आणि युनिटची गाडी जेवायला गावात गेली तर पेटी बंद.

डमी हलकी असते, त्यामुळे कलाकाराचा हात पटकन आणि खोटा वर जातो. मुठीत किंवा नळीत शिशाचे तुकडे घालून वजन आणा आणि कलाकाराला आठवडाभर आधी सरावाला द्या.

९. तीन दिवसांचा क्रम

पहिला दिवस: सकाळी ‘क’ गट, स्वच्छ कपड्यांत. दुपारी विश्रांती आणि संधिप्रकाशाची तालीम. ३:३० नंतर ‘ख’ गटाचे रुंद शॉट. सूर्यास्ताला ‘ग’.

दुसरा दिवस: उशिरा सुरुवात. दुपारी खोलीतले किरण, पश्चिमेकडच्या भिंतीवर. अंधार पडल्यावर ‘घ’ गट: शेकोटी, कंदील, सुळ्यांचे क्लोजअप.

तिसरा दिवस: रात्रीच्या कामानंतर निदान दहा तासांचं अंतर. रक्त, भाजलेली त्वचा, फाटलेले कपडे. संध्याकाळी पहिल्या दिवसाचा राहिलेला एखादा संधिप्रकाशाचा शॉट, त्यासाठी एक स्वच्छ शर्ट बाजूला ठेवा.

रक्त पहिल्या दिवशी आणू नका. टोपीला आणि केसांना लागलेलं सिरप माळावर निघत नाही, आणि पुढचे सगळे स्वच्छ शॉट अडकतात. कंटिन्युइटी (एका शॉटमधून दुसऱ्यात सगळं जुळतंय का हे) पाहणाऱ्याने प्रत्येक टेकनंतर तीन फोटो काढावेत: मान, हात, टोपीचा कोन. टोपीचा कोन सर्वांत जास्त वेळा चुकतो.

१०. आवाज आणि ग्रेडिंग

डे-फॉर-नाइटच्या मूळ आवाजात दिवसाचे पक्षी असतात. चित्रात मध्यरात्र आणि मागे कावळे, बुलबुल. म्हणून त्या शॉटचा मूळ आवाज फक्त खुणेसाठी धरा, संवाद त्याच दिवशी बंद गाडीत पुन्हा बोलवून घ्या. रात्री युनिट निघण्याआधी त्याच जागेवर पाच मिनिटं रातकिड्यांचा आणि वाऱ्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा. माइकवर केसाळ आवरण नसेल तर माळावरचा वारा नुसती घरघर देतो. टापांसाठी नारळाच्या दोन करवंट्या मातीच्या ट्रेमध्ये आपटल्या की काम होतं. दगडी फरशीवर आपटू नका, माळ आणि फरशी यांचा आवाज कानाला लगेच वेगळा कळतो.

ग्रेडिंगचा क्रम असा. आधी एकूण उजेड खाली. मग रंगाची तीव्रता कमी, साधारण निम्म्यावर. मग उजळ भागांत थोडा निळा-हिरवट रंग, सावल्या मात्र तटस्थ ठेवा. सगळ्या फ्रेमवर निळा थर ओतला की पाण्याखालचं दृश्य दिसतं. त्यानंतर चेहऱ्याभोवती सैल मास्क करून त्वचेचा रंग किंचित परत आणा. कंदिलाचा उजेड असेल तर तो सर्वांत शेवटी, उबदार आणि छोटा. संधिप्रकाश, उन्हातली रात्र आणि खरी रात्र असे तिन्ही प्रकारचे शॉट शेजारी लावून टोपीच्या कडेवरची उजळ रेषा सारखी आहे का ते बघा. ती जुळली की बाकीचा फरक कटमध्ये खपतो.

मग फाइल फोनवर घ्या. ब्राइटनेस अर्धा ठेवा आणि उजेड असलेल्या खोलीत बघा, कारण बहुतेक प्रेक्षक तसेच बघणार आहेत. टोपीखालचे डोळे दिसत नसतील तर मिडटोन (मध्यम उजेडाचे भाग) अर्धा स्टॉप वर घ्या, पुन्हा एक्स्पोर्ट करा आणि पुन्हा फोनवर बघा.